दोन अर्ध्या वाघिणी

आमच्या साडूंना सबंध ग्वाल्हेरात एक माणूस धड ओळखता येत नाही, आणि त्यांच्या जंगलात एक वाघ कधी चुकत नाही. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इथून चार-पाच तासांवरच्या एका व्याघ्र प्रकल्पात गेली वीसेक वर्षं वाघ मोजतात. अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. त्या कामापायी चेहरे नावाच्या वस्तूशी त्यांचा संबंध साफ सुटला आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका लग्नात त्यांनी सख्ख्या पुतणीच्या सासऱ्यांना थांबवून "गुलाबजाम जरा गरम बघून आणा" असं फर्मावलं. ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, कपाळाला हात लावला. "अहो, ते हलवाई नाहीत, व्याही आहेत आपले." साडू शांतपणे म्हणाले, "समोरून आले ना. बाजूने आले असते तर ओळखलं असतं."

बाजूचं हे वेड समजून घ्यायला हवं. जंगलात वाघांचे फोटो काढणारे कॅमेरे जोडीने लावतात, वाटेच्या दोन्ही अंगांना, गुडघाभर उंचीवर. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे. दोन्ही फोटो एकाच वेळी निघाले, तरच ते एका जनावराचे म्हणता येतात. कॅमेरा चालतो की नाही हे बघायला त्याच्यापुढून रांगत जावं लागतं, आणि हा रांगण्याचा कार्यक्रम साडू सिटी सेंटरमधल्या आपल्या कॉलनीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या देखत उरकतात. नवा चौकीदार पहिल्या दिवशी "बाबूजी गिर पड़े" म्हणत पाणी घेऊन धावला होता. मीही एकदा तावडीत सापडलो. बँकेत अधिकारी असलेला मी, इस्त्रीच्या पँटीत, मोगऱ्याच्या वाफ्याजवळून चार पायांवर गेलो. माझी डावी बाजू सुरेख आली, उजवीकडचा कॅमेरा मात्र अडला. "तुमची नोंद होणार नाही, तुम्ही अर्धेच आलात," साडूंनी निकाल दिला, आणि बायकोने तो उज्जैनपर्यंतच्या सगळ्या नातलगांना कळवला. टोपी बाजारात ते कॅमेऱ्यांसाठी साखळ्या-कुलुपं घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने गमतीने विचारलं, "साहब, शेर चोरी भी करता है क्या?" साडूंनी त्याला अर्धा तास सिंह आणि वाघ यांतला फरक समजावून दिला आणि कुलुपं तिथेच विसरून घरी आले.

आता यापुढचं मला हसत लिहिता येणार नाही. जंगलाच्या कडेच्या एका नाल्यावर त्यांना एक वाघीण दिसू लागली होती, पण फक्त डावीकडून. प्रत्येक वेळी समोरचा कॅमेरा दगा द्यायचा. कधी बॅटरी संपलेली, कधी कोळ्याने जाळं विणलेलं, तर एकदा वानरांनी तो आभाळाकडे वळवून ठेवलेला. मग एका हिवाळ्यात त्याच नाल्यावर एका वाघिणीची उजवी बाजू आली आणि तिच्यामागे तीन पिल्लं. नेमका त्या वेळी डावीकडचा कॅमेरा बंद. ही तीच, की दुसरी? साडूंनी दोन्ही फोटो फ्रिजच्या दारावर चिकटवले. येईल त्याला विचारायचे. ताई म्हणायची, "मला तर एकच वाटते हो." त्यावर ते म्हणायचे, "वाटणं लिहिता येत नाही." प्रकल्पातले साहेबही म्हणाले, एक म्हणून लिहून टाका. साडूंनी दोघींनाही कच्च्या वहीत ठेवलं आणि पक्क्या यादीत एकही लिहिली नाही. पुढच्या फेरीत दोन्ही बाजू मिळतील, मग लिहू, असं ठरवलं. यादीत त्या नाल्यावर वाघीण नाही, म्हणून तिथे मागितलेली रखवालीची चौकी दुसरीकडे गेली.

आणि एक दिवस कातडं पकडलं गेलं. त्याच नाल्याजवळ कुणीतरी तारेचा फास लावला होता. पट्टे जुळवायला साडूंना बोलावणं आलं. निघताना त्यांनी मला फोन केला. "दोन असू देत," एवढंच म्हणाले. दोन असत्या तर पिल्लांची आई जिवंत असण्याची आशा होती. त्या हिवाळ्यापासून हा माणूस ते दोन फोटो जुळावेत म्हणून झुरला होता.

संध्याकाळी ते घरी न जाता सरळ आमच्याकडे आले. पायातले बूट न काढताच सोफ्यावर बसले. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "एकच होती," म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, "म्हणजे नोंद तरी पूर्ण झाली." ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. "हो, झाली," ते म्हणाले. बायकोने दिलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. "एकच म्हणून लिहून टाकली असती तर चौकी तिथे बसली असती." मी म्हटलं, फास लावणारे चौकीला थोडेच भितात. मग वर्गात धडा सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं की सात-आठ महिन्यांची पिल्लं आईवाचून तगत नाहीत, त्यांना शिकार येत नसते. मला रडू आलं. त्यांना आलं नाही.

त्या नाल्यावर आता चौकी झाली आहे. साडू दर पंधरवड्याला तिथल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघायला जातात आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबतात. मी पिल्लांबद्दल विचारत नाही. ते आपणहून सांगतात, "साळिंदर आलं होतं. एक नीलगाय. कुणाची तरी चुकलेली म्हैस." चहा संपवतात, उठतात, आणि दाराशी चपला घालताना खाली बघत म्हणतात, "अजून दोन महिने कॅमेरे ठेवतो तिथे." हे दोन महिने ते गेलं वर्षभर सांगताहेत.