दीवानला न सांगितलेलं

लोक विचारतात, फौजी, बॉर्डरवर काय काय पाहिलं? पाहिलं बरंच. बर्फात गाडी चालवली, वाळूत चालवली. बावीस वर्षं एमटीत, म्हणजे फौजेच्या वाहन विभागात, दुसरं काही केलं नाही. पण माझ्या सर्व्हिसचा सगळ्यात वाईट दिवस माझ्या अनसिंग गावच्या घरापासून तासाभराच्या आत, वाशीम शहरात गेला. भर दिवसा. गोळी एकही चालली नाही.

रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. युनिट तेव्हा विदर्भातच होतं. ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस हटला नाही, नाल्याचं पाणी शहरात शिरलं आणि सिव्हिलवाल्यांनी आर्मीची मदत मागितली. आमचा फ्लड रिलीफ कॉलम पहाटे ०३३० ला निघाला आणि ०८१० ला वाशीमला पोहोचला. एका उंचावरच्या शाळेत कंट्रोल लागलं. दोन नंबरची गाडी माझी, अडीच टनी. मागं दोन जवान. शेजारी को-ड्रायव्हर लान्स नायक दीवान सिंग, उत्तराखंडचा पहाडी माणूस.

मी स्वभावानं शंकेखोर. डिझेलच्या काट्यावर माझा कधी विश्वास नव्हता, टाकीत काठी घालून बघायचो. एमटीत शंकेखोर ड्रायव्हरच पेन्शन खातो, असं नव्या पोरांना सांगायचो. दीवान एकदम उलटा. ज्यानं चहा दिला त्याचा पिणार, ज्यानं रस्ता दाखवला त्यावरून चालणार. मला म्हणायचा, "उस्ताद, आप तो अपनी परछाईं से भी आई-कार्ड माँगोगे." तीन वर्षं एका केबिनमध्ये काढली आम्ही. त्याच्याशिवाय गाडी चालवायला मला आवडायचं नाही, हे त्याला कधी सांगितलं नाही.

पाण्यात गाडी घालायचा आमचा कायदा साधा आहे. पाणी चाकाच्या मध्यावर गेलं की को-ड्रायव्हर खाली उतरतो. कमरेला रस्सी, रस्सीचं दुसरं टोक गाडीच्या पुढच्या हुकाला, हातात बांबू. तो दहा पावलं पुढं बांबूनं जमीन चाचपत चालतो, मागून गाडी फर्स्ट गिअरला. दीवान सकाळपासून असाच चालत होता.

त्या सकाळी लोकांनी आम्हाला दोनदा फसवलं. मोठी गाडी पाण्यातून गेली की लाट उठते आणि दोन्ही बाजूंच्या घरांत शिरते. उंबऱ्यावर रचलेल्या पोत्यांवरून थेट चुलीपर्यंत. त्यामुळं गाडी आपल्या गल्लीतून जाऊ नये असं प्रत्येकाला वाटत होतं. पहिल्या गल्लीत एक बाई म्हणाली, समोर विजेची तार तुटून पडली. वीस मिनिटं थांबलो. तार नाही अन् बीर नाही. दुसऱ्या गल्लीत रस्त्यावर बाज आडवी टाकलेली. "मोठा गड्डा हाय, साहेब." दीवाननं बांबू घातला, खाली डांबर साबूत. त्यांचा संसार पाण्यात होता, त्यांनी खोटं बोलावं यात नवल नाही. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर त्यानंतर ताकाला हात लावायचाच सोडला.

०९५५ ला रेडिओ वाजला. कॅप्टन साहेब होते.

"टू, कंट्रोल. अस्पताल में सात पेशंट फँसे हैं. दो ऑक्सिजन पर. सिलिंडर साढ़े ग्यारह तक चलेगा. ओव्हर."

"कंट्रोल, टू. रॉजर. आउट."

शाळेत परतून तिथं आणून ठेवलेले ऑक्सिजनचे चार सिलिंडर चढवले. दवाखान्याला दोन रस्ते. एक बाजारातून, सरळ. दुसरा बसस्टँडकडून, लांबून. लांबच्या रस्त्याला पाण्यात तासभर तरी जाईल, असा माझा हिशोब. सरळ रस्ता मला तोंडपाठ होता, लहानपणी बापासोबत बाजाराला यायचो. मी सरळ गाडी घातली.

गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. पन्नाशीचा, मांडीभर पाण्यात, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. शहराबाहेर त्याचा भाजीचा मळा आणि इथं राहतं घर. दारात भाजीचे रिकामे कॅरेट रचून त्यानं पाणी अडवलं होतं. सुखदेवभाऊ हे नाव मला नंतर कळलं.

"साहेब, इकून नोका जाऊ. समोर मोरी खचली."

रस्त्याखालून नाला जायची जी मोरी, ती. मी खिडकीतून वऱ्हाडीत विचारलं, "डोयानं पाह्यली का?"

"पान्याखाली कशी दिसन, भाऊ? आवाज आयकला मी. वरून रस्ता दिसते, खालून पोकळ झाला."

बोलता बोलता त्याची नजर दारातल्या कॅरेटकडं गेली. मी ती पकडली. मला वाटलं, सापडला.

"घरात लाट येईन म्हनून सांगून राह्यले ना? खरं बोला."

"घरात तं पानी कवाचंच शिरलं, राजा. मी तुमच्या जिवाचं सांगून राह्यलो."

दीवानला वऱ्हाडी अजिबात कळत नव्हती. तो रस्सी बांधत होता. म्हणाला, "क्या बोल रहा है, उस्ताद?"

मी म्हणालो, "वही सुबह वाला ड्रामा. घर बचा रहा है. उतर."

एवढंच. मोरीचं मी त्याला काहीच बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं बांबू आपटून आवाज घेतला असता, कडेकडेनं गेला असता, नाहीतर सरळ म्हणाला असता की उस्ताद, घूम के चलते हैं. त्याला वाटलं, फक्त खड्डे बघायचे आहेत. बांबूला डांबर लागत होतं. सुखदेवभाऊ बाजूनं ओरडत होते, "अरे त्याले सांगा तरी!" मी हॉर्न दाबून धरला.

१०२२ ला दीवाननं हात वर करून मला पुढं बोलावलं. मी क्लच सोडला आणि त्याच्या पायाखालचा रस्ता बसला. तो ओरडलासुद्धा नाही. हात दिसला, मग नुसतं पाणी गरगरताना दिसलं. मी ब्रेक मारला. रस्सी ताणून बंपरखाली कडक झाली. तो पुढं नसता तर गाडी, सिलिंडर आणि आम्ही तिघं त्याच जागी खाली गेलो असतो.

पाणी त्याला मोरीत ओढत होतं आणि रस्सी फुटक्या स्लॅबमध्ये अडकली होती. गाडी मागं घेतली तर रस्सी तुटेल, म्हणून जवानांनी हातानं ओढलं. निघेना. तेव्हा सुखदेवभाऊंनी डोक्यावरचं पोतं फेकलं, कमरेला दोर बांधला, दोर शेजाऱ्यांच्या हातात दिला आणि ते त्या भगदाडात उतरले. दोनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा रस्सी सोडवली. दीवान वर यायला अकरा मिनिटं लागली. बॉनेटवर आडवा घालून मी त्याची छाती दाबत राहिलो. त्याच्या तोंडातून पाणी येत होतं, श्वास येत नव्हता.

"कंट्रोल, टू. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

मी बटण सोडलं.

"टू, कंट्रोल. कॅज्युअल्टी लेकर अस्पताल पहुँचो. टास्क पूरा करो. ओव्हर."

"विल्को. आउट."

दीवानला सिलिंडरांशेजारी ठेवलं. एक जवान छाती दाबत राहिला. सुखदेवभाऊ न विचारता केबिनमध्ये, त्याच्या सीटवर येऊन बसले. हातातून रक्त येत होतं. म्हणाले, "बसस्टँडकून घ्या. मी सांगतो." त्यांनी डावीकडं म्हटलं की मी डावीकडं वळवली, थांबा म्हटलं की थांबलो. १११० ला दवाखान्याच्या पायरीला गाडी लावली. तो लांबचा रस्ता सव्वीस मिनिटांचा निघाला.

सिलिंडर लागले. सातही पेशंट वाचले. डॉक्टरनं गाडीत चढून दीवानची नाडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, रस्ता खराब असल्याची काही सूचना होती का? मी म्हणालो, "एका सिव्हिलियननं अडवलं होतं, सर. पण सकाळपासून सगळेच अडवत होते." यात खोटं काही नाही. काय म्हणून अडवलं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझी पेन्शन सुरळीत चालू झाली. खायची लाज वाटते, पण खातो.

गेल्या हिवाळ्यात दीवानचा मोठा भाऊ वाशीमला आला. गावाकडं मास्तर आहे. त्याला ती जागा पाहायची होती. मी त्याला सुखदेवभाऊंच्या घरी नेलं. भाऊंना हिंदी समजते, बोलता येत नाही, म्हणून मधे मी. चहा झाला. मास्तर मला म्हणाला, "इनसे पूछिए, उस दिन किसी ने रोका नहीं था?"

भाऊंना प्रश्न कळला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "लै पानी होतं, मास्तर. कोनाले काय ध्यानात राह्यते?"

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हा मला काहून वाचवून राह्यला? याला माझ्याकडून काय पाहिजे? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खरं. त्या माणसाला माझ्याकडून काही नको होतं. मी नजर वर केली तर ते चहाच्या कपाकडं बघत होते.

मी मास्तरला म्हणालो, "ये कह रहे हैं कि याद नहीं. झूठ कह रहे हैं. इन्होंने रोका था. मोरी टूटी है, ये भी बताया था. दीवान ने मुझसे पूछा और मैंने उसे नहीं बताया."

मास्तरनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "उसे पानी से डर लगता था. बचपन से. आपको बताया था कभी?"

"नहीं."

"फिर भी उतरा?"

"मैंने कहा, इसलिए उतरा."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, आता हा पोलिसात नाहीतर युनिटला लावणार. लावू दे, म्हटलं. त्यानं नंबर दाबला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"माँ रोज़ मुझसे यही पूछती है कि वो पानी में उतरा क्यों. मेरे पास जवाब नहीं था. आप बता दीजिए."

तिकडून म्हातारीचा आवाज आला, "हाँ, कौन?" मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "माँजी, लान्स नायक दीवान सिंग मेरी गाड़ी पर थे." आणि सांगायला सुरुवात केली.