तिन्ही ठिकाणी एकच भाव

रेनो कारवोनेन गॉर्डन ट्रेम्बाथच्या मोटार एजन्सीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षं उभा होता. उभा म्हणते, कारण स्टुलावर बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. बाहेर गाडी येऊन थांबेपर्यंत तिची घरघर ऐकून हा फडताळाकडे वळलेला असायचा. गिऱ्हाईक दार ढकलून आत येतं तोच, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय तुझं," म्हणत खोकं समोर ठेवायचा. बाकी बोलणं बेताचं. आमच्या या सरोवरकाठच्या गावात फिनिश लोक तसेच, पण त्यांच्यातसुद्धा रेनो घुमा म्हणून प्रसिद्ध.

मी रोझली. एजन्सीत बिलं लिहायचे. माझं टेबल त्याच्या काउंटरमागेच, मध्ये एक काचेची खिडकी. गॉर्डन आणि रेनो लहानपणापासूनचे दोस्त, एकाच संघातून हॉकी खेळलेले. शनिवारी संध्याकाळी गॉर्डन रेनोच्या घरी सौनाच्या तापवलेल्या खोलीत वाफ घ्यायला जायचा आणि नोव्हेंबरात दोघं हरणाच्या शिकारीला गॉर्डनच्या जंगलातल्या खोपटात. मालक आणि नोकर असं त्यांच्यात काही दिसायचं नाही.

दोन हजार आठ साली गाड्या खपेनाशा झाल्या. गॉर्डनचा जावई कर्ट शहरातून आला, सासऱ्याचा धंदा सावरायला. सगळ्या फायली त्याने उपसल्या आणि पार्टच्या खर्चावर येऊन थांबला. स्टार्टर, बेअरिंग, वायरिंगचे जुडगे, सगळं पाच-सहा वर्षांत भरमसाट महागलं होतं. त्याने रेनोला ऑफिसात बोलावलं. गॉर्डन खुर्चीत होता. मी सह्यांसाठी बिलं घेऊन दारात उभी होते.

"माल कुणाकडून घ्यायचा हे कोण ठरवतं?" कर्टने विचारलं.

"मी. आधी तिघा पुरवठादारांना फोन करतो, भाव लिहून घेतो, जो लवकर पाठवेल त्याच्याकडून घेतो." रेनोने वही पुढे केली.

कर्टने पानं चाळली आणि हसला. "तिन्ही ठिकाणी एकच भाव? सेंटसुद्धा इकडचा तिकडे नाही? आणि वाढतो तोही तिघांचा एकाच महिन्यात?"

"तसंच सांगतात ते."

"रेनो, तुम्ही फोन तरी केले होते का? का घरी बसून आकडे लिहिलेत?"

रेनोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो गॉर्डनकडे बघत होता. गॉर्डन टेबलावरचं पेन उगाच फिरवत म्हणाला, "कोणी काही हातावर ठेवतं का रे तुझ्या? असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही."

रेनोने नाव शिवलेला कामाचा कोट काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"फोन तुझ्यासमोर आहे, गॉर्डन. लाव की."

गॉर्डनने लावला नाही. रेनो गेला.

आता माझं सांगते. त्याच वर्षी वसंतात रेनोच्या बायकोचं, आयलीचं, ऑपरेशन झालं. तो आठवडाभर रजेवर होता, तेव्हा ते तीन फोन मी केले होते. तिन्हीकडून तोच भाव ऐकला होता. तिसऱ्या बाईला तर मी हसत म्हटलंही होतं, "तुम्ही सगळे एकाच घरात राहता की काय?" हे मला त्या दारात उभी असताना आठवत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण माझ्या नवऱ्याला कागदाच्या गिरणीतून कमी केलं होतं आणि घरातल्या सगळ्यांचा दवाखान्याचा विमा माझ्या नोकरीवर चालला होता. मी बिलं छातीशी धरून उभी राहिले.

गावात उघड कोणी काही म्हणालं नाही, पण गोष्ट पसरली. एकदा दुकानात कोणीतरी मागून विचारलं, "काय रेनो, दुधावर किती कमिशन सुटतं?" आसपासचे हसले. रेनोने दुधाचा डबा परत जागेवर ठेवला आणि बाहेर पडला. पुढे तो शाळेची बस चालवायला लागला. पहाटे बर्फ उकरून बस काढायची, पोरं पोचवायची, दुपारी परत आणायची. शिकारीला त्यानंतर तो गेला नाही. मी समोरून आले की मान हलवायचा, पूर्वीसारखीच. मीच रस्ता बदलायचे.

आठ वर्षांनी डेट्रॉइटच्या न्यायालयाकडून एजन्सीला पत्र आलं. पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपसात बैठका घेऊन भाव ठरवले होते, कोणाला किती सांगायचा तेसुद्धा. आता त्या तडजोडीला तयार होत्या आणि ज्या एजन्स्यांनी त्या काळात माल घेतला, त्यांना भरपाई मिळणार होती. गॉर्डनने पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता खाली बसला. कर्ट तोवर घटस्फोट घेऊन निघून गेला होता.

"कुठला पार्ट कुठल्या कंपनीचा, वर्षवार लिहून द्यायचंय," गॉर्डन म्हणाला. "हे आता कोण सांगणार?"

आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तू फोन कर त्याला, रोझली. माझा घेणार नाही तो."

रेनो आला. सकाळची बसची फेरी संपवून चार दिवस येत राहिला. वाळला होता, खोकत होता. पहिल्या दिवशी त्याने चष्मा कपाळावर चढवून पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे मी नीटच ऐकत होतो तर," तो म्हणाला. "मधे मधे मलाच वाटायचं, आकडे मीच मनाने लिहिले की काय."

मग जुन्या फायली ओढून कामाला लागला. नंबर अजून तोंडपाठ होते. गॉर्डन चारही दिवस शोरूममध्ये पुसलेल्याच गाड्या पुसत फिरत होता. चौथ्या दिवशी दुपारी गरम पास्टी, मांस-बटाटा भरलेल्या, घेऊन आत आला.

"खा रे, आत्ताच भट्टीतून काढल्यात. झालं सगळं?"

"झालं."

"तुझ्या कामाचे किती द्यायचे ते..."

"नको."

गॉर्डन टोपी हातात पिळत उभा राहिला. आता म्हणेल, आता म्हणेल, असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "नोव्हेंबरात ये की खोपटावर. पूर्वीसारखा."

"गुडघे नाहीत राहिले आता," रेनो म्हणाला. पास्टी त्याने कागदात गुंडाळून आयलीसाठी घेतली.

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. वारा इतका की डोळ्यांत पाणी येत होतं, ते बरंच झालं.

"रेनो, त्या वसंतात फोन मी पण केले होते. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"ठाऊक आहे मला. तुझं अक्षर होतं ना वहीत. एक अख्खं पान."

"मग दाखवलं का नाहीस त्यांना?"

त्याने गाडीचं दार उघडलं. "तुझा नवरा घरी बसला होता तेव्हा. दोघांनी कशाला जायचं?"

फेब्रुवारीत तो गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे शवपेटी मे महिन्यापर्यंत तशीच ठेवली आणि मग पुरली. प्रार्थनेला गॉर्डन शेवटच्या बाकावर बसला होता. नंतर आयलीसमोर आला तेव्हा ती त्याचा हात धरून म्हणाली, "शनिवारी तो शेवटपर्यंत तुम्हा दोघांपुरती सौना तापवायचा हं. मी म्हणायचे, लाकडं वाया घालवू नकोस. ऐकायचा नाही." टोमणा नव्हता तो. सांगायचं होतं तिला, एवढंच.

भरपाईचा चेक यायला आणखी दोन वर्षं लागली. गॉर्डनने तेवढ्याच रकमेचा स्वतःचा चेक आयलीच्या नावाने लिहिला आणि मला गाडीत घालून तिच्या घरी नेलं. तो इंजिन चालू ठेवून बाहेरच बसला. आयलीने वेलचीचा पाव कापला, कॉफी ओतली. चेक वाचून परत पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला.

"गॉर्डन आहे ना बाहेर? थंडीत कशाला बसलाय? आत बोलाव त्याला. कॉफी भरपूर आहे."

मी गाडीपाशी आले. त्याने काच खाली घेतली.

"काय म्हणाली?"

"चेक नको म्हणाली. तुला आत बोलावलंय, कॉफीला."

तो स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. स्वयंपाकघरातला दिवा खिडकीतून दिसत होता. आयलीने तिसरा कप मांडला, तेही दिसलं.

"गाडीत बस," तो मला म्हणाला आणि गाडी मागे घेतली.