पायरीवरच्या चपला

ग्वारीघाटावर आज एका उलट्या नावेला डांबर लावून राहिले होते. त्या वासाने मी एकदम आठ वर्षांची झाले आणि भेडाघाटला पोचले.

नर्मदामैयाच्या पाण्यावर चपला घालून जायचं नाही, हा आईचा नियम. म्हणून आम्ही चौघांनी चपला शेवटच्या कोरड्या पायरीवर, शेंदूर लावलेल्या दगडापाशी काढल्या आणि नावेत बसलो. नावाडी वल्ही मारता मारता संगमरवरी कड्यांत हत्ती दाखवायचा, घोडे दाखवायचा, यमकं जुळवून आम्हाला हसवायचा. कडे जवळजवळ आले तसा तो बोलताबोलताच गप्प झाला. त्याने पाण्यात हात घातला, कड्याकडे टक लावून पाहिलं आणि नाव वळवली.

"अरे भैया, अभी तो आधा भी नहीं हुआ!" बाबा चिडले.

"बैठे रहिए, बाबूजी."

परतताना ना हत्ती, ना घोडे. फक्त वल्ह्यांचा आवाज आणि त्याचा चढलेला श्वास.

उतरलो तर चपला नव्हत्या. "मैयाच्या दारातही चोर!" आई म्हणाली. भेडाघाटच्या त्या चपलाचोराची गोष्ट आम्ही पुढे कित्येक वर्षं हसत सांगितली.

आज नावेत बसण्याआधी माझ्या लेकीने पायरीवर सँडल काढले.

"हातात घे ते!" मी ओरडलेच.

"काहून, आई?"

चपला चोर नेईल, असं मी म्हणणार होते. पण त्या दिवशी तो शेंदराचा दगडही दिसत नव्हता, आणि ती पायरीही; तिथे नुसतं पाणी होतं.