पाठीतली गाठ

आजारी माणसाला बघायला आलेलं माणूस गप्प बसत न्हाई. काय झालं, कुठं दाखवलं, सगळं विचारतं. मग मी एक सांगतो, आमची पारू दुसरं सांगते, पुतण्या संतोष दोघांचं खोडून तिसरं सांगतो. माझ्या पाठीतल्या गाठीचे असे किस्से साठले की पावण्याचा चहा संपतो, किस्से संपत न्हाईत.

*

भाताची लावणी चालली व्हती. सांजचं घरी आलो तर पारू म्हणाली, "अवं, एक चप्पल कुठं टाकली?"

खाली बघितलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चप्पल ओढ्यात सापडली. ओढ्यापासून दारापर्यंत खडीवरून आलो व्हतो आणि पायाला पत्ता न्हवता. मी पारूलाच शिवी दिली. दुसरं काय करणार?

*

पाठ धरली असंल म्हणून कोंडिबाकडं गेलो. आसपासची सगळी आखडलेली पाठ त्याच्याकडंच जाते. तो तापवलेला बिब्बा पाठीला लावतो आणि गडी कोकलतो. दोघांनी माझे हात धरले. मी गप्प. कोंडिबानं अजून लावला. मी गप्पच.

कोंडिबा खूश. जमलेल्या लोकांना म्हणाला, "बघा राव, ह्याला म्हणत्यात हलका हात!"

घरी सदरा काढला तर पाठभर फोड. पारू रडायला लागली. मला दुखत न्हवतं, आणि तिला तेच सोसंना.

*

पुढं पायच उचलंनात, तवा मंचरला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, मणक्याचा टीबी असावा, पण पुण्याला एमआरआय काढा. पुण्याच्या डॉक्टरनं फोटो बघून मला बाहेर बसवलं आणि संतोषला आत घेतलं. पोरगं हसत बाहेर आलं. ते कधी हसत न्हाई.

गावाकडं जो तो गोड बोलायला लागला. धाकटा भाऊ बाळू आणि मी बांधावरच्या हिरड्यावरून बोलत न्हवतो. तो घरी आला, म्हणाला, "दादा, झाड तुजंच हाय," आणि पाया पडला.

तवा कळलं, मला कॅन्सर सांगितलाय.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई डॉक्टर खाटेशी आली. तिनं लपवलं न्हाई. म्हणाली, "बाबा, फोटोत टीबीही वाटतो, कॅन्सरही वाटतो. तुकडा तपासल्याशिवाय मी कशाचंच नाव घेणार नाही. गाठ नसेवर दाबतेय, ती काढते. पण पाय परत येतीलच असा शब्द देत नाही."

मी म्हणालो, "मग देतीस काय?"

ती म्हणाली, "मन लावून काम करते."

मी ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवला.

*

तुकड्याचा रिपोर्ट आला. टीबी न्हाई, कॅन्सर न्हाई. अंगातली सूजच घट्ट होऊन गाठ बनलेली. बाई म्हणाली, असं क्वचित कुणाला होतं, उरलंसुरलं गोळ्यांनी बसेल.

संतोषनं बाळूला फोन लावला. बाळूनं आजाराचं नाव विचारलं. संतोषनं कागदावरचं इंग्रजी नाव अडखळत वाचलं. बाळूनं ते परत वाचायला लावलं. मग म्हणाला, "एवढं लांब नाव हाय म्हंजे कॅन्सरच. दादाला सांगू नगा."

*

मरण टळलं, पण कमरेखाली मी नुसतं लाकूड. बाई रोज तळव्यावर किल्ली ओढायची, मी छताकडं बघायचो. कळलं का, असं पारू कधी विचारायची न्हाई. माझं तोंड बघायची, आणि पाण्याचा तांब्या भरायला जायची.

एका सकाळी मला पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसवलं. फरशी पुसणारी मावशी आली. फिनेलच्या पाण्यातलं गार पोतं तिनं ओढलं, ते माझ्या उजव्या पायावरून.

"गार लागतंय की भवाने, दिसत न्हाई का?"

मावशी घाबरून मागं सरली. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. संतोष तिची माफी मागायला उठला, तर पारूनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि मावशीला म्हणाली, "मावशी, आता डाव्या पायावरनं फिरवा."