जवसाच्या चुकलेल्या पाट्या

चंद्रपूरच्या एका कॉलेजात सत्यशीला खोब्रागडे नवरा वारल्यावर त्याच्या जागेवर माळीकामाला लागली होती. सातवी शिकलेल्या या बाईला वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख नसीम मॅडमनी झाडांची शास्त्रीय नावं वाचायला शिकवलं. १९८५च्या हिवाळ्यात मॅडमनी स्वतःच्या हातानं बागेत दोन वाफे पेरले आणि नावांच्या पाट्या लावल्या. एकात आपलं शेतातलं जवस, दुसऱ्यात त्याचं रानटी भावंड. फुलं दोन्हींची निळीच. पुढे मॅडमची बदली झाली आणि मोकाट गुरांनी बागेत शिरून पाट्या उखडून टाकल्या.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. नवे विभागप्रमुख श्रीहरी सर म्हणाले, "बाई, पाट्या लावून टाका."

"सर, कोनती कोनाची, पक्कं सांगता येत नाई. बोंडं पिकू द्या, मंग समजन."

"समिती बोंडांसाठी थांबणार आहे का? लावा अंदाजानं!"

करंजाखालच्या वाफ्यातली रोपं किडकिडीत होती. तीच रानटी असतील, असं धरून तिनं पाट्या खोचल्या. समिती खूश झाली. सरांनी फुलांसकट डहाळ्या कागदावर दाबून, नावं लिहून तीन कॉलेजांना पाठवल्या.

फाल्गुनात बोंडं वाळली. 'शेतातलं जवस' अशी पाटी असलेल्या वाफ्यात ती आपोआप तडकली, बी मातीत सांडलं. करंजाखालची मात्र घट्ट मिटलेली. सत्यशीलानं एक मिटलेलं बोंड चिमटीत दाबून पाहिलं. पोंभुर्ण्याला माहेरी तिनं लग्न होईपर्यंत दरसाल जवस बडवलं होतं. बडवल्याशिवाय ते बी सोडत नाही. करंजाच्या सावलीनं रोपं खुरटली होती, एवढंच.

"सर, माहं चुकलं. पाट्या उलट्या लागल्या."

"कोणाला कळणार आहे? गप्प राहा."

तिला जेवण गोड लागेना. शेवटी तिनं स्वतःच पाट्या बदलल्या आणि तिन्ही कॉलेजांना पोस्टकार्डं टाकली. नागपूरहून 'दुरुस्ती केली' असं उत्तर आलं, ते नेमकं सरांच्या हाती पडलं. आठवड्याभरात तिची बदली वाचनालयात, पुस्तकं पुसायला. बाकी दोन कॉलेजांतून काहीच आलं नाही.

तिथली पोरं आपल्यामुळे चुकीचं नाव पाठ करताहेत, हे तिच्या मनातून जाईना. जूनमध्ये एक प्राध्यापक त्यातल्या एका गावी निघाले, तेव्हा तिनं त्यांना हात जोडून निरोप सांगितला.

परतल्यावर ते म्हणाले, "अरे, राहूनच गेलं, बाई."

"पुन्हा कधी जासान, सर?" तिनं विचारलं.