हात लावू का, मॅडम?

तालुक्याच्या कॉलेजात मी नुकतीच रुजू झाले होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची संगीता सूक्ष्मदर्शकापाशी हात पाठीमागे बांधून उभी होती.

"अगं, बघ ना."

"हात लावू का, मॅडम? आजवर सर दाखवायचे, आम्ही फळ्यावरून आकृती काढायचो."

माझं डोकंच फिरलं. यंत्र बिघडू नये म्हणून तीन वर्षं मुलीला विज्ञानापासून लांब ठेवलं होतं!

तिच्या कातकरी वाडीतल्या झऱ्याचं पाणी मी तिला अभ्यासाला दिलं. दर आठवड्याला ती बाटली भरून आणायची, थेंब काचेवर ठेवून दिसेल ते लिहायची. विभागप्रमुख म्हणायचे, "आधी पास तर होऊ दे. संशोधन कसलं हिला?" काय बोलायचं अशांशी! दार आपणच लावायचं, आणि ही आदिवासी मुलं विज्ञानात का दिसत नाहीत, हेही आपणच विचारायचं.

परवा तिच्या वहीत मी एका शेवाळाचं नाव लिहिलं. तिनं पुन्हा भिंगातून पाहिलं आणि ते शांतपणे खोडलं.

"नाही मॅडम, हे वेगळं आहे. बघा तुम्ही."

मी पाहिलं. तिचंच बरोबर होतं.