डोंगरावर हीटर पेटेना

एका गाडीतून लांब गेलेली माणसं चहाला बसली की गाडीपेक्षा किस्सेच जास्त पळतात! आमचं तसंच झालंय. सलीमभाईंनी खामगावच्या आपल्या गॅरेजात एका जुन्या टेम्पोत पलंग आणि ओटा बसवून फिरतं घर केलं. त्यात गॅसचा हीटर मी बसवला. माझं शेगडीदुरुस्तीचं दुकान शेजारीच आहे.

*

पहिली टेस्ट भर मे महिन्यात! एका खटक्यात पेटला. आम्ही दोघं घामाघूम होऊन बाहेर आलो, तर समोरचा पानवाला म्हणतो, "काऊन बे, ऊन कमी पडून राह्यलं का तुमाले?"

*

जानेफळचे नामदेवकाका म्हणजे गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. आम्ही लडाखला निघालोय हे कळल्यावर आपणहून आले. त्यांचा मुलगा गजानन तिकडे रस्त्याच्या कामावर होता. एक हिवाळा काढला आणि नोकरी सोडून घरी आला. काका भर चौकात त्याला म्हणाले होते, "थंडीले भेला!" तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. तेही एकाच घरात राहून!

"थंडी खरंच तशी असते का, ते मले पाहू द्या," काका म्हणाले. आम्ही त्यांना घेतलं.

*

लडाखच्या वाटेवर एका खिंडीजवळ मुक्काम केला आणि हीटर पेटेना! ठिणगी पडायची, ज्योत नाही. सिलिंडर गारठला असेल म्हणून गोधडीत गुंडाळला. बॅटरी तपासली. काकांनी हळदकुंकूही वाहिलं. काका कुडकुडत होते, मला भीती वाटायला लागली.

"नाही पेटला तर खाली उतरू," मी म्हणालो.

"उतरलो तं मंग मी पाह्यलं काय?" काका चिडले.

*

शेवटी बाहेर जाऊन हीटरच्या धुराड्यात हात घातला. आत पोतं!

"सलीमभाई, हे कोणी कोंबलं?"

"मीच! उन्हाळा सरला, कूलरले पोतं बांधलं, मंग यालेबी लावलं. धूळ जाते ना बे!"

पोतं काढल्यावर भक्कन पेटला, पिवळा, आणि विझला. वर हवा विरळ, त्या मानानं गॅस जास्त होत होता. गॅस सोडणारा जेट काढून बारीक छिद्राचा बसवला आणि निळी ज्योत उभी राहिली. सलीमभाईंनी मला मिठीच मारली.

*

काका ज्योतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घडीभर बंद कर, दिलीप."

मी नको म्हणालो. त्यांनी स्वतःच बटण फिरवलं, दार उघडलं आणि पायरीवर जाऊन बसले. ऊन डोंगराआड गेलं. दात वाजत होते, तरी उठेनात. सलीमभाईंनी खांद्यावर घोंगडी टाकली, ती त्यांनी काढून ठेवली. मला त्यांचा राग येत होता आणि गलबलूनही येत होतं. बऱ्याच वेळानं ते आपणच आत आले. मी हीटर लावला.

दुसऱ्या दिवशी उतरताना माझ्या फोनला रेंज आली. काकांनी फोन मागून घेतला आणि घरी लावला. गजाननने उचलला.

"हॅलो? कोण बोलून राह्यलं?"

सलीमभाईंनी गाडी कडेला घेतली.

"हॅलो?"

"जेवला का बे?" काका म्हणाले.